फक्त हयात माणसांचे कपडे

आधीच सांगून टाकते, भूत, झपाटणं, अंगात येणं... यातलं मी कधी काही मानलं नाही. माझे वडील शाळामास्तर होते. आमच्या दाराला लिंबू-मिरची लागली नाही आणि अवस-पुनव म्हणून कुठलं काम अडलं नाही. जिवंत माणसांनीच मला आयुष्यात इतकं दाखवलं, की मेलेल्यांकडे वळून बघायला सवड मिळाली नाही. तुमच्या या सदरात लोक लिहितात ते मी वाचते. खरं सांगायचं तर त्यातले निम्मे अनुभव मला अपचनाचे वाटतात. तरी आज लिहायला बसले आहे. वय पंच्याहत्तरच्या पुढे गेलं, आमचे हे जाऊन सात वर्षं झाली, आणि ही गोष्ट ठाऊक असलेलं दुसरं कुणी आता उरलेलं नाही.

गोष्ट सोलापूरची, तिसाव्या सालानंतर दोन-तीन वर्षांनी घडलेली. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. आम्ही लिंगायत, घरात कानडी, दाराबाहेर मराठी. हे एका गिरणीत टाइमकीपर होते. मंदी आली, गिरणीची एक पाळी बंद झाली आणि ह्यांना घरी बसावं लागलं. चार महिने हे रोज सकाळी कोट घालून बाहेर पडायचे आणि दुपारी तोच कोट खुंटीला अडकवायचे. शेवटी मीच म्हटलं, आपण दुकान काढू. मंगळवार पेठेत एका बोळाच्या तोंडाशी आमचं भाड्याचं घर होतं. पुढची खोली रस्त्यावर उघडायची. तिथे दुकान मांडलं.

दुकान कसलं, तर वापरलेल्या कपड्यांचं. आता ऐकायला सोपं वाटतं. त्या काळी जुना कपडा बोहारणीच्या टोपलीत जायचा आणि त्याच्या बदल्यात एखादं पातेलं यायचं, एवढंच. पण गावात गिरण्यांची मंदी होती, चांगल्या-चांगल्या घरांतून लुगडी निघत होती, आणि बोहारणीला भरजरी लुगडं देऊन पातेलं घेणं कुणाच्या जिवावर येत नाही? मी ठरवलं, आपण माल विकत घ्यायचाच नाही. ज्याचा कपडा त्याने आमच्याकडे ठेवावा, आम्ही विकून द्यावा, रुपयामागे दोन आणे आमचे. विकला नाही तर माल परत. प्रत्येक कपड्याला नंबराची कापडी पट्टी टाचायची आणि मालकाला त्याच नंबराची चिठ्ठी द्यायची. चिठ्ठी दाखवली की माल किंवा पैसे. कल्पना माझी, अक्षर ह्यांचं.

ठेवणारे आले. घेणारे येईनात. बायका दारात यायच्या, पदर बोटांत धरून पोत बघायच्या आणि मग तो प्रश्न विचारायच्या – "कुणाचं नेसलेलं हो हे?" त्या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न असायचा. जिचं हे लुगडं, ती आहे की गेली? मेलेल्या बाईचं लुगडं पैसे मोजून कोण अंगाला लावून घेईल?

मग मी एक पाटी रंगवून घेतली. 'मयताचा कपडा येथे घेतला जात नाही.' गुलाबी कागदावर हँडबिलं छापली. त्यावर मोठ्या अक्षरात, 'फक्त हयात माणसांचे कपडे. खात्री करून घेतो.' एक हलगीवाला गाठला. तो बाळीवेशीपासून टिळक चौकापर्यंत हलगी वाजवत हेच ओरडत गेला. लोक हसले, पण आले. महिन्याभरात दुकानात उभं राहायला जागा नसायची. ह्यांना त्या पाटीची लाज वाटायची. "धंद्याला असली पाटी..." म्हणायचे. मी म्हणायचे, पाटीमुळेच चूल पेटते आहे. खात्री म्हणजे काय करायचो? माल ठेवणाऱ्याला विचारायचो, हे कुणाचं? तो म्हणायचा, माझ्या भावजयीचं. आहेत ना त्या? आहेत. झाली खात्री.

मार्गशीर्षात एक गृहस्थ गाठोडं घेऊन आले. नाव मल्लप्पा म्हणू या. खरं नाव वेगळं होतं. सरकीचा व्यापार, तिशीचे, अंगावर स्वच्छ फेटा-धोतर, बोलणं मऊ. गाठोडं सोडलं तर मी बघतच राहिले. आठ लुगडी, सगळी एका नव्या नवरीची. एकावर हळदीचे डाग होते. लग्नातलंच होतं ते. आणि सगळ्यात खाली चंद्रकळा. काळीभोर, पदरावर बारीक जरीचे ठिपके, पहिल्या संक्रांतीला सासरहून देतात ती.

ह्यांनी विचारलं, "कुणाचे?"

"आमच्या घरच्यांचे," मल्लप्पा म्हणाले. "बाळंतपणात लई आजारी पडली. माहेरी हाय आता, अक्कलकोटाकडं. वाळून गेली हो, काय नेसतीय ती हे. औषधपाण्याला खर्च हाय की."

"आहेत ना त्या?" ह्यांनी नेहमीचा प्रश्न केला.

"हाय की," ते म्हणाले. "हाय म्हणून तर औषध."

इथे मी बोलायला हवं होतं. बाईला मी ओळखत नव्हते, पण बायकांचे कपडे ओळखत होते. जी बाई बरी होऊन घरी यायची आहे, तिचं हळदीचं लुगडं कुणी विकायला काढत नाही. हा माणूस ती जायच्या आधीच तिची पेटी रिकामी करत होता, हे मला त्या घटकेला समजलं. ह्यांनाही समजलं असावं, कारण त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी नंबर लिहायला सांगितलं. संक्रांत तोंडावर होती, गड्ड्याची जत्रा येत होती आणि असली चंद्रकळा आमच्या दुकानात त्याआधी कधी आली नव्हती. आमचा नियम काय, तर माणूस हयात पाहिजे. होती की हयात.

चंद्रकळा मी दारात बांबूवर टांगली. पदर बाहेर, रस्त्याकडे, जर दिसेल असा.

पौषातल्या एका सोमवारची दुपार. हे गड्ड्यावर स्टॉलला जागा मिळते का बघायला गेले होते. उन्हामुळे बोळ सुनसान होता. मी चटईवर बसून पट्ट्या टाचत होते. पायरीवर कुणीतरी चढलं म्हणून मान वर केली. बावीस-तेवीस वर्षांची बाई. अंगावर विटकं सुती लुगडं, हडकुळी, हनुवटीवर गोंदण. डोक्यावरचा पदर घसरलेला होता आणि केस पुरुषासारखे बारीक कापलेले. ज्वर डोक्यात जाऊ नये म्हणून त्या काळी कापायचे तसे. पाय अनवाणी, घोट्यापर्यंत धूळ. मला वाटलं, गावाकडून चालत आली आहे.

काही न विचारता ती आत आली. सरळ डावीकडच्या कपाटाशी गेली आणि तिसऱ्या फळीवरच्या लुगड्यांवरून हात फिरवला. मल्लप्पांचाच माल होता तिथे. बाहेरून तो दिसत नाही. मग दारात जाऊन तिने बांबूवरची चंद्रकळा उतरवली.

मी म्हटलं, "अहो बाई, विचारून हात लावावा मालाला."

ती चटईवर माझ्यासमोर बसली. चंद्रकळा मांडीवर घेतली, पदराचं एक टोक शोधून माझ्यापुढे धरलं. तिथे नखाएवढं रफू होतं. पंधरा दिवस ते लुगडं माझ्या हातात होतं, मला दिसलं नव्हतं.

"गाडीच्या खिळ्याला अडकलं हुतं," ती म्हणाली. बोलणं कानडीत झालं. मी आमच्या सोलापुरी मराठीत लिहिते आहे. "पयल्याच सक्रांतीला. सासूच्या ध्यानात यायच्या आत शिवलं. काळा दोरा मिळंना, म्हणून केसानं शिवलं."

मी डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. खरंच केस होता. लांब, एकच.

"तुम्ही मल्लप्पाण्णांच्या..." मी म्हटलं.

तिने मान डोलावली. मग म्हणाली, "कुणी इकाय सांगितलं?"

"तुमच्या मालकांनी आणून ठेवलंय."

ती बराच वेळ पाटीकडे बघत राहिली. वाचता येत होतं की नाही, मला ठाऊक नाही. मग जे तीन शब्द म्हणाली, ते मात्र कानडीतच लिहिते. "ना इन्ना अदीनी." मी अजून आहे.

आवाज चढवून नाही, रडून नाही. दूधवाल्याला आज दोन शेर दे म्हणावं, तसं.

आणि मी काय केलं? मला राग आला. माझ्या दुकानात येऊन, मालाला हात लावून, मला जाब विचारते म्हणून. मी काहीही चुकीचं केलेलं नव्हतं ना. मी म्हटलं, "ते तुम्ही आणि तुमचे मालक बघून घ्या. आमच्याकडे चिठ्ठी दाखवल्याशिवाय माल परत मिळत नाही."

"चिठ्ठी?"

"नंबराची. त्यांच्याकडे आहे. घेऊन या, मग न्या."

"चिठ्ठी न्हाय माझ्याकडं," ती म्हणाली.

मग तिने पाणी मागितलं. मी आतून तांब्या भरून आणला. तिने तो तोंड न लावता, वरून धार धरून, एका दमात रिकामा केला. चंद्रकळेची घडी घातली, पदर आतल्या अंगाला घेऊन. ती चटईवर ठेवली आणि पायऱ्या उतरून उन्हात निघून गेली. मी दारात जाऊन बघितलंसुद्धा नाही. पट्ट्या टाचत बसले.

हे परत आले तेव्हा मी सांगितलं, मल्लप्पाची बायको येऊन गेली, चांगली हिंडती-फिरती आहे, नवऱ्याने चोरून विकायला काढलंय म्हणून भांडायला आली होती. चिठ्ठीचं सांगितलं नाही. का कोण जाणे... तेवढं सांगावंसं वाटलं नाही. ह्यांनी घडी उचलून बघितली. "पदर आत का? तू तर बाहेर ठेवतेस."

"तिने घातली ती घडी."

"मग परत देऊन टाकू," हे म्हणाले. "तिचं आहे ते."

"दुकान चालवायचंय की धर्मशाळा?" मी म्हटलं.

गुरुवारी नव्या पेठेतल्या एका वकिलांच्या सूनबाई आल्या आणि चंद्रकळा घेऊन गेल्या. मी रफू दाखवलं नाही.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मल्लप्पा आले. हे हिशेबाला बसले, तेवढ्यात मी म्हटलं, "अण्णा, तुमच्या घरच्या येऊन गेल्या. आम्हाला आजारी म्हणून सांगितलंत."

"कोण घरच्या?"

"तुमची बायको. सोमवारी दुपारी."

ते हसले. "वैनी, दुसरी कोण असंल. ती उठून बसत न्हाय. श्रावणात पोर पोटातच गेलं, तवापासनं कमरेखाली जीव न्हाय तिला. कूस बदलायची तर आय बदलती."

मी म्हटलं, बारीक कापलेले केस. हनुवटीवर गोंदण, तीन ठिपके. पहिल्या संक्रांतीला गाडीच्या खिळ्याला...

मल्लप्पा चटईवर खाली बसले. मला वाटलं, आता विचारतील – कशी दिसत होती, बरी होती का, कशी आली. ते म्हणाले, "माझ्याबद्दल काय म्हणाली?"

"काही नाही."

"नाव काढलं न्हाय?"

"नाही."

त्यांनी श्वास सोडला. मग ह्यांच्याकडे वळून हळूच म्हणाले, "हे कुठं बोलू नका. होटगीकडं सोयरीक जुळत आलीय. नसतं काय तरी उठंल." पैसे घेतले, फेटा नीट केला आणि गेले.

ह्यांनी दुसऱ्या दिवशी दुकान उघडलंच नाही. मला म्हणाले, "आपण जायचं." मी म्हटलं, कशाला? दुसरी कुणीतरी असेल, मल्लप्पाच्या वाइटावरची, सगळं ठाऊक असलेली. माझी तीच खात्री होती. खरं तर तशी खात्री करून घ्यायलाच मी गेले. आगगाडीने अक्कलकोट रोड स्टेशन, तिथून बैलगाडीने तीन कोस. गावाचं नाव लिहीत नाही, त्यांची माणसं अजून तिथे असतील.

मातीचं घर, पुढे ओसरी. ओसरीवर बाजलं आणि बाजल्यावर ती.

तेच केस. तेच गोंदण. तेच विटकं लुगडंसुद्धा. फक्त गोधडीखाली पाय होते आणि तिच्या म्हाताऱ्या आईने माशा हाकलायला गोधडी जरा सारली तेव्हा ते मला दिसले. तुरीच्या काटक्या. त्या पायांवर सहा महिन्यांत कुणी उभं राहिलं नव्हतं, हे सांगायला डॉक्टर नको होता.

हे ओसरीखालीच थांबले. मी जवळ गेले. तिने माझ्याकडे बघितलं. ओळखीचं माणूस दाराशी आल्यावर बघतात, तसं. आश्चर्य नाही, काही नाही.

"चिठ्ठी अजून घावली न्हाय, अक्का," ती म्हणाली.

तिची आई मला म्हणाली, "बघा की. त्या सोमवारपासनं हेच चाललंय. चिठ्ठी हुडका, चिठ्ठी हुडका. पेटी उलटी केली, हातरूण झाडलं, गुरांच्या गव्हाणीत सुदिक बघितलं. कसली चिठ्ठी म्हटलं तर सांगत न्हाय. नंबराची म्हणती. तुमाला ठावं हाय काय?"

ते चिठ्ठीचं बोलणं त्या दुपारी आम्हा दोघींतच झालेलं होतं. माझ्या नवऱ्याला ठाऊक नव्हतं, मल्लप्पाला ठाऊक नव्हतं. दुसरी कुणी बाई, आधीचं ऐकलेलं, ज्वरातली बडबड... बैलगाडीत बसून जे जे मनाशी रचून ठेवलं होतं, ते सगळं तिथेच सुटलं.

"सोमवारी दुपारी काय झालं?" मी तिच्या आईला विचारलं.

"काय हुणार. भाकरी खाल्ली न्हाय. दुपारभर डोळं मिटून हुती. मी म्हटलं, गेली. नाकाशी सूत धरलं तर हलत हुतं. उनं कलली तवा जागी झाली आणि म्हणाली, पाणी नगं, पिऊन आले."

बाजल्यावरची म्हणाली, "काळी हाय न्हवं अजून?"

मी म्हटलं, "आहे. जपून ठेवलीय."

माझ्या सगळ्या आयुष्यात मी इतक्या सहज खोटं बोललेले नाही. ती हसली. दात तेवढे तरुण होते.

सोलापूरला पोचल्या-पोचल्या मी नव्या पेठेत गेले. म्हटलं, दुप्पट किंमत देते, ती चंद्रकळा परत द्या. सूनबाईंनी मला दारातच उभं ठेवलं. "हळदीकुंकवाला नेसले मी ती. विकलेली वस्तू परत मागतात का कुठे?" मी कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दिली असती, नक्की दिली असती... पण दुकान बुडालं असतं. मी त्याही वेळी दुकान बघितलं.

इतर सात लुगडी आम्ही बैलगाडीवाल्याच्या हाती पाठवून दिली. ती पोचली. चंद्रकळेची वाट बघत ती माघाच्या शेवटाला गेली.

मल्लप्पांचं फाल्गुनात लग्न झालं. होटगीच्या बाजूचे वऱ्हाडी आमच्या बोळावरून वाजत-गाजत गेले. चंद्रकळा कुणाची, ही बातमी कुठून फुटली कळलं नाही. मल्लप्पांच्याच तोंडून फुटली असावी. दुसऱ्या लग्नाच्या आनंदात माणूस खूप बोलतो. आठ दिवसांत वकिलांच्या घरची मोलकरीण आली आणि चंद्रकळा पायरीवर टाकून गेली. हातात दिली नाही, टाकली. तिला आमचंच गुलाबी हँडबिल टाचलेलं होतं. दुसऱ्या दिवसापासून लोक आपापल्या चिठ्ठ्या घेऊन माल परत न्यायला आले. ज्या बायका हसून भाव करायच्या त्या आता पायरीवरूनच नंबर सांगायच्या, आत पाय ठेवायच्या नाहीत. मी कुणाकुणाला सांगत होते, अहो, मी घेतलं तेव्हा ती होती, नियमात होतं सगळं. ऐकणाऱ्यांतल्या एकीने मला विचारलं, "मग तुम्हाला झोप कशी लागते?" मला राग आला होता तिचा. अजून आहे.

पाडव्याच्या आसपास म्हातारी आली. तिची आई. एकटीच, आगगाडीने. खोलीत कपाटं रिकामी, मी केर काढत होते. तिला बघून मी आत गेले, चंद्रकळा काढून आणली आणि तिच्यासमोर ठेवली. सगळं सांगितलं. मी चिठ्ठी मागितली, मी विकली, "आहे" म्हणून खोटं बोलले. हेही ऐकत होते. ह्यांनाही ते तेव्हाच कळलं. म्हातारी शिव्या देईल, पदर पसरून तळतळाट करेल, असं मला वाटलं होतं. केला असता तर बरं झालं असतं.

तिने चंद्रकळेला हात लावला नाही. "मी काय करू हिचं," म्हणाली. "मी त्यासाटनं न्हाय आले. मला इचारायचं हाय. ती कुटनं आली?"

मी पायरी दाखवली.

"चालत?"

"हो, अव्वा. चालत."

"कुणाला धरून?"

"नाही. एकटीच. या कपाटापर्यंत गेली, मग दारात गेली, मग इथे बसली."

"मांडी घालून?"

"मांडी घालून."

म्हातारी चटईवर बसली. मी दाखवलेल्या जागेवर नाही, तिच्या शेजारी, ती जागा मोकळी ठेवून. "लंगडत हुती?"

"नाही. नीट चालत होती. पाय धुळीने भरले होते."

"पायाला धूळ लागली हुती?" तिने दोनदा विचारलं. मी दोनदा हो म्हटलं. ती आपल्या तळहातांकडे बघत बसली. "म्या रोज तेल लावत हुते त्या पायांना. सकाळ-सांज. सा म्हैने. आज हलतील, उद्या हलतील म्हणून. आंगठा सुदिक हलला न्हाय." मग तिने मान वर केली आणि मला विचारलं – तक्रार म्हणून नाही, माझ्यासारख्या शिकलेल्या बाईला ठाऊक असेल म्हणून विचारावं तसं – "मी आय हाय तिची. उशापायथ्याशी मी हुते. मग चालताना तुमाला का दिसली? मला का न्हाय दिसली?"

हे खाली मान घालून बसले होते. थोड्या वेळाने गाडीची वेळ झाली म्हणून ती उठली आणि गेली.

आम्ही त्याच महिन्यात ती खोली सोडली. ह्यांना पुढे कुर्डुवाडीला रेल्वेत कारकुनी मिळाली, दिवस निघाले. या गोष्टीवर आमच्यात पुन्हा बोलणं झालं नाही. ह्यांनी मला कधी दोष दिला नाही, आणि नाही दिला हेच मला आयुष्यभर बोचत राहिलं. माझा एक भाचा डॉक्टर आहे. त्याला मी नावं न सांगता विचारलं होतं. तो म्हणाला, मावशी, तुम्हाला मनातून अपराधी वाटत होतं, त्यातून दिसलं असेल. असेल. पण त्या दुपारी मला अपराधी वाटत नव्हतं हो. मला धंदा दिसत होता. आणि माझ्या मनातलं तिला तिकडे, स्टेशनापासून तीन कोस आडबाजूला, बाजल्यावर, कसं ऐकू गेलं?

म्हातारीच्या प्रश्नावर मी इतकी वर्षं विचार केला आहे. जी मायेने बघत होती तिला दिसली नाही, आणि जिने पाणी देऊन हाकलून लावलं, तिच्यापुढे मांडी घालून बसली. ते का, हे मला अजून समजलेलं नाही. तुमच्या वाचकांपैकी कुणाला समजलं तर मला कळवू नये. ती म्हातारी केव्हाच गेली. उत्तर तिला हवं होतं.